दहा हजारांत कोणता जुना?

उधन्याहून जळगाव-भुसावळकडे जाणारा रेल्वेमार्ग नसता, तर सुरतेचे बरेचसे कष्टकरी मोहल्ले आज वेगळ्याच भाषेत बोलले असते. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशा स्टेशनांवर गाडीत चढलेली खान्देशी माणसं दोन-तीन पिढ्या इथे उतरत राहिली आणि लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत अहिराणी रुजली. लूम, डाइंग, एम्ब्रॉयडरी ही त्यांची कामं. इथल्या मोबाइलच्या दुकानात एक गिऱ्हाईक ‘केटलानो?’ विचारतं, तर शेजारचं ‘कितलाले?’ म्हणतं. दुकानदाराला दोन्ही कळतं.

माझा मावसभाऊ डिंडोलीत राहतो. तो लूमच्या खात्यात कामाला आहे. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. पाळी बारा तासांची. वहिनी घरी बसून साड्यांना लेस लावते, टिकल्या चिकटवते आणि चार-दोन साड्या नात्यागोत्यात विकतेही. विकते म्हणजे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकते. घरात चांगला फोन एकच, आणि तो बंद पडला तेव्हा भावाचा मला फोन आला तो शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. “दादा, दहा हजार आहेत. नवा घेऊ की जुना?”

दहा हजारांच्या नव्या फोनमध्ये कंपनीला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. कधी स्क्रीनवर, कधी कॅमेऱ्यावर, बहुतेक वेळा दोन्हींवर. चार वर्षांपूर्वी सतरा-सव्वीस हजारांना विकलेला फोन आज त्याच पैशांत मिळाला, तर स्क्रीन नि कॅमेरा वरच्या दर्जाचा हाती पडतो. त्याबदल्यात त्या फोनचं निम्मं आयुष्य कुणीतरी आधीच जगून घेतलेलं असतं. साड्यांचे फोटो हे पोटाचं काम असल्यामुळे मी जुन्याकडे कौल दिला. हा कौल सगळ्यांसाठी नाही. ज्याला नुसतं बोलायचं आणि पैसे पाठवायचे आहेत, त्याने वॉरंटीचा नवा फोन घेऊन निवांत झोपावं.

मग आम्ही जुन्या फोनांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर दोन फोन ठेवले: रेडमी नोट १० प्रो आणि सॅमसंग गॅलॅक्सी ए५२. दोघांची जन्मवेळ जवळजवळ एकच. भारतात दोन्ही आले मार्च २०२१ मध्ये. दोन्हींची ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवणीची आवृत्ती घेतली तर रेडमीची तेव्हाची किंमत १६,९९९ रुपये होती आणि सॅमसंगची २६,४९९. साडेनऊ हजारांचा फरक. पण आतला मेंदू पाहिला तर हसू येतं. रेडमीत स्नॅपड्रॅगन ७३२जी, सॅमसंगमध्ये ७२०जी. दोन्ही चिप क्वालकॉमच्या, दोन्ही ८ नॅनोमीटरच्या, दोन्हींत दोन वेगवान आणि सहा काटकसरी गाभे, चित्रं रंगवणारा भागही तोच, ॲड्रिनो ६१८. सख्खे चुलत भाऊच म्हणा. वेगात कुणाला उजवं-डावं ठरवायचं तर घड्याळ लावून बसावं लागेल. मग जास्तीचे साडेनऊ हजार कशाचे होते, आणि चार वर्षांनी त्यातलं काय शिल्लक आहे, एवढंच आपल्याला शोधायचं होतं.

त्याआधी नावांचा गोंधळ. जुन्या बाजारात अर्धी फसवणूक नुसत्या नावावर होते, आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. रेडमी नोट १०, १०एस, १०टी, १० प्रो आणि १० प्रो मॅक्स हे सगळे वेगवेगळे फोन. त्यात भारतातल्या प्रोचा मुख्य कॅमेरा ६४ मेगापिक्सेलचा, प्रो मॅक्सचा १०८चा. पण परदेशात जो ‘नोट १० प्रो’ विकला गेला त्यातही १०८चाच आहे. चीनमधला नोट १० प्रो तर चिपही वेगळी, स्क्रीनही वेगळी असा तिसराच प्राणी. सॅमसंगकडे ए५२ आणि ए५२एस. ‘एस’ हे एक अक्षर म्हणजे ५जी आणि खूपच तगडी स्नॅपड्रॅगन ७७८जी चिप. इंटरनेटवर ए५२एसची तारीफ वाचून दुकानात ए५२ उचलणारी माणसं मी पाहिली आहेत. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या पानावर मॉडेल क्रमांक असतो. दुकानदाराच्या तोंडातल्या नावापेक्षा तो क्रमांक खरा.

आता कागदावरची पत्रिका. रेडमीचा पडदा ६.६७ इंचांचा, सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा, सॅमसंगचा ६.५ इंचांचा, ९० वेळा. दोन्ही अॅमोलेड. १२० आणि ९० यांतला फरक दाखवला तर दिसतो, दुसऱ्या दिवशी विसरतो. मी त्याला फार भाव देत नाही. दोघांतही दोन स्पीकर आणि हेडफोनची गोल खाच आहे. लूमच्या खडखडाटात मोठ्या आवाजाचा उपयोग होतो, पण या बाबतीत दोघे सारखेच. रेडमीत डोक्यावर इन्फ्रारेडचा दिवा आहे, त्यामुळे तो टीव्हीचा रिमोट होतो. भावाच्या पोराने फोन रेडमीच घ्यायचा हे त्या क्षणी ठरवून टाकलं.

पत्रिका जुळली म्हणून तब्येत कळत नाही. लग्नात कळत नाही, जुन्या फोनात तर मुळीच नाही. ‘ए५२ चांगला की नोट १० प्रो’ हा प्रश्न नव्या फोनच्या दुकानात ठीक आहे. जुन्याच्या काउंटरवर प्रश्न बदलतो: हा ए५२ चांगला की हा नोट १० प्रो? मधल्या चार वर्षांत एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन फोनांचं नशीब इतकं वेगळं होतं, की कागदावरचे आकडे उलटेपालटे होतात.

बॅटरीचंच घ्या. रेडमीची ५,०२० मिलिअँपिअर-अवरची, सॅमसंगची ४,५०० ची. कागदावर रेडमी सरळ पुढे. लिथियम-आयन बॅटरी पाच-आठशे वेळा पूर्ण चार्ज होऊन रिकामी झाली, की तिची धारणशक्ती साधारण ८० टक्क्यांवर येते. चार्जिंगला लावून गेम खेळणाऱ्याची त्याहून लवकर, कारण उष्णता हा तिचा खरा शत्रू. समजा रेडमी अशा पोराकडून आला आणि बॅटरी ७० टक्क्यांवर आहे: उरले ३,५१४. सॅमसंग एखाद्या काळजीवाहू काकांकडून आला आणि ८० टक्क्यांवर आहे: ३,६००. कागदावरचा हरलेला इथे जिंकला. सॅमसंगमध्ये कंपनीच्याच ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपात बॅटरीची तपासणी करता येते. रेडमीत दुकानातच पंधरा मिनिटं व्हिडिओ पूर्ण उजेडात चालवायचा आणि टक्के किती उतरतात, पाठ किती तापते ते बघायचं. पाठीचं झाकण कडेला किंचित उचललं गेलं असेल तर बॅटरी फुगली आहे. तो फोन फुकट दिला तरी नको.

बॅटरी बदलता येते, आणि फार महागही पडत नाही. पडद्याचं तसं नाही. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण जुन्या फोनची सगळी मेख पडद्यात आहे.

दुरुस्तीवाले पडदा म्हणत नाहीत, ‘फोल्डर’ म्हणतात. काच, टच आणि डिस्प्ले हे तिन्ही मिळून एक फोल्डर. अॅमोलेडचा ओरिजिनल फोल्डर महाग, म्हणून फुटलेल्या फोनला पुष्कळदा एलसीडीची स्वस्त कॉपी बसते. वरवर सगळं चकाचक दिसतं. पण अॅमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळ्या जागी विझून जातो, तर एलसीडीच्या मागे एकच दिवा सतत जळत असतो. म्हणून संपूर्ण काळं चित्र लावा, पडद्यावर हाताचा आडोसा धरा. अॅमोलेड असेल तर काळोख. कॉपी असेल तर राखाडी उजेड झिरपतो, विशेषतः कडांना.

सॅमसंग ए५२ मध्ये चोर पकडायची आणखी एक युक्ती निसर्गतःच बसलेली आहे. त्याचं बोटाचा ठसा ओळखणारं यंत्र पडद्याच्या खाली आहे. ते प्रकाशावर चालतं: पडदा बोटावर उजेड टाकतो, आणि परतलेला उजेड ठिपक्यांच्या मधल्या फटींतून खालच्या यंत्रापर्यंत पोचतो. एलसीडीच्या मागे दिव्याचा अपारदर्शक थर असतो, तिथून काहीच पार होत नाही. त्यामुळे स्वस्त कॉपी बसवली की ठसा चालणं बंद. रेडमीत ठशाचं बटण कडेला आहे, त्याचा पडद्याशी संबंध नाही; तिथे ही परीक्षा उपयोगाची नाही, काळ्या चित्राचीच घ्यावी लागते.

ओरिजिनल असला तरी अॅमोलेड म्हातारा होतो. फोन दिवसभर गाडीच्या हँडलवर नकाशा दाखवत राहिला असेल, तर त्या नकाशाची पुसट सावली पडद्यावर कायमची राहते. बाजारात त्याला ‘शेड’ म्हणतात. डायलवर *#०*# दाबलं की सॅमसंगमध्ये तपासणीचं पान उघडतं. तिथे लाल, हिरवा, निळा असे सपाट रंग लावून सावली शोधायची. रेडमीत त्यासाठी *#*#६४८४#*#*. अॅमोलेडवर कधी अचानक उभी हिरवी रेघ येते. हे दुखणं अनेक कंपन्यांच्या फोनांत दिसलं आहे आणि त्यावर फोल्डर बदलण्याखेरीज इलाज नाही.

वहिनीला यातलं काही नको होतं. तिचा एकच प्रश्न: साडीचा रंग खरा दिसेल का? राणी रंग फोटोत गुलाबी होतो, मोरपंखी निळा होतो, आणि मग गिऱ्हाईक साडी परत पाठवतं. प्रश्न अगदी रास्त आहे. अॅमोलेड पडदे दुकानात भडक लावून ठेवलेले असतात. सॅमसंगमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ‘नॅचरल’ निवडलं, रेडमीत मूळ रंगांचा पर्याय घेतला, की दोन्ही पडदे बऱ्यापैकी प्रामाणिक होतात. मात्र अर्धा दोष पडद्याचा नसतोच. तो खोलीतल्या ट्यूबलाइटचा असतो. साडी दाराशी, दिवसाच्या उजेडात धरली तर स्वस्त कॅमेराही राणीला राणीच म्हणतो.

कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर वाद घालू नका. दोन्हींत ६४ आहेत आणि दोन्ही फोन चार-चार ठिपके एकत्र करून १६ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. खरा फरक आहे तो भिंगात. सॅमसंगचं मुख्य भिंग तरंगतं: हात हलला की आतला संवेदक ते ओळखतो आणि छोट्या चुंबकांनी भिंग उलट्या दिशेला सरकवतो. त्यामुळे अंधुक उजेडात कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवता येतो आणि फोटो हलत नाही. संध्याकाळी पाळीवरून आल्यावर एका बल्बच्या उजेडात साडीचे फोटो काढणाऱ्या घराला याचा उपयोग आहे. रेडमीत ही सोय नाही. जास्तीच्या साडेनऊ हजारांतला एक हिस्सा इथे गेला होता.

पण तरंगणारी वस्तू बिघडतेही. मोटरसायकलच्या हँडलवर फोन लावल्याने इंजिनच्या कंपनांनी अशा भिंगाची यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा अॅपलने २०२१ मध्ये आपल्या आयफोनवाल्यांना दिला होता. सुरतेत पार्सल पोचवणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या गाडीच्या हँडलवर फोन असतो. तेव्हा कॅमेरा उघडा, फोन टेबलावर टेकवून स्थिर धरा. चित्र थरथरत असेल, आतून टकटक ऐकू येत असेल, तर ते भिंग संपलं.

दुसरा हिस्सा गेला पाण्यात. सॅमसंगला आयपी६७ दर्जा आहे, रेडमीला आयपी५३. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही. ७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. रेडमीचा ५ थोडी धूळ सोसतो आणि ३ फक्त शिंतोडे. सुरतेसारख्या गावात हा फरक हलका नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरभर पसरली होती, ती आठवण इथल्या प्रत्येक घरात आहे. आणि तापी शांत असली तरी जोराच्या पावसात खाड्या भरतात नि लिंबायतच्या सखल भागांत पाणी घरात शिरतं. मात्र पाण्याला अडवतो तो झाकणाखालचा डिंक. डिंक वर्षांनी सुकतो, आणि दुरुस्तीसाठी झाकण एकदा उघडलं की कारखान्यातला बंद परत येत नाही. उघडलेल्या फोनचं आयपी६७ म्हणजे जुन्या वाड्यावरची नावाची पाटी. आणि पाणी आधीच जाऊन आलं असेल तर? सॅमसंगच्या फोनांत सिमच्या खाचेत एक पांढरा ठिपका असतो. तो लाल-गुलाबी झाला असेल तर फोन बुडून आलेला आहे.

धुळीबद्दल एक घरगुती गोष्ट. लूमवर काम करणाऱ्याच्या खिशातल्या फोनच्या चार्जिंगच्या खाचेत सुताचा बारीक कचरा बसत जातो, दाबून दाबून त्याची गादी होते, आणि एक दिवस पिन नीट बसेनाशी होते. आयपीचा कुठलाही दर्जा याला अडवत नाही. लोक घाबरून चार्जिंग बोर्ड बदलायला जातात. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हळूच ती गादी काढा. भावाचा ‘बंद पडलेला’ जुना फोन अशानेच अर्धा जिवंत झाला. नुसता चार्ज होऊ लागला, पडदा गेला तो गेलाच.

सिमच्या बाबतीत रेडमी निर्विवाद पुढे. त्यात दोन सिम आणि मेमरी कार्ड यांना तीन स्वतंत्र जागा आहेत. सॅमसंगमध्ये दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हींपैकी एकच. सुरतेतल्या खान्देशी माणसाकडे एक गुजरातचं सिम आणि एक गावाकडचं असतंच. बँकेचा ओटीपी गावाकडच्या नंबरवर येतो. त्याला सॅमसंग घ्यायचा तर कार्ड विसरावं लागेल. ५जी दोन्हींत नाही. जिओने नोव्हेंबर २०२२ मध्येच गुजरातच्या तेव्हाच्या सगळ्या ३३ जिल्हा मुख्यालयांत ५जी सुरू केलं, आणि मोठ्या रिचार्जवर ५जी वापर अमर्याद मिळतो. ते सुख या दोघांच्या नशिबी नाही. ४जीचा रोजचा कोटा संपला की संपला.

सुरक्षेच्या अपडेटचं मी आधी मोठं करून सांगत असे. सॅमसंगने ए५२ ला चार वर्षांचा शब्द दिला आणि अँड्रॉइड १४ पर्यंत नेलं. रेडमी १३ वर थांबला. ती चार वर्षं २०२५ मध्ये भरली. म्हणजे आता दोघेही उघड्यावर. फरक इतकाच, की नवी ॲप सॅमसंगवर थोडी जास्त वर्षं चालतील. अशा फोनवर यूपीआय वापरायचंच असेल तर ते घरखर्चापुरते पैसे असलेल्या वेगळ्या खात्याला जोडा, पगाराच्या खात्याला नको.

आणि चोरीचा माल. *#०६# दाबा, पंधरा आकडी आयएमईआय येईल; तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी ताडा. मग मेसेजमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो आकडा, आणि १४४२२ वर पाठवा. हीच तपासणी सरकारच्या संचार साथी पोर्टलवर होते. ते मे २०२३ मध्ये सुरू झालं. उत्तरात आकडा काळ्या यादीत, दुबार किंवा ‘आधीच वापरात’ निघाला तर काउंटरवरून हात काढून घ्या. आयएमईआय बदलणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विकणाऱ्याचं गूगल खातं आणि रेडमीत शाओमीचं खातं त्याच्याकडूनच, तुमच्या डोळ्यांदेखत काढून घ्या, नाहीतर रिसेट केल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसेल. हप्त्यांवर घेतलेल्या फोनचं कर्ज फिटलंय का, हेही विचारा; थकलेल्या हप्त्याचा फोन सावकार दुरून बंद करू शकतो.

कागदावर माझं मत ए५२ कडे होतं. कॅमेरा, पाणी, थोडं जास्त आयुष्य. एका सिमवर भागत असेल तर आजही तोच सांगेन.

आम्ही ए५२ हातात घेतला. ठसा नोंदवायला गेलो. तीनदा बोट ठेवलं, नोंद होईना. काळं चित्र लावलं, कडांना राखाडी उजेड. दुकानदाराला विचारलं तर त्याने लगेच मान्य केलं: फोल्डर बदललेला आहे, म्हणून तर भाव कमी सांगितला. कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. रेडमीचा पडदा काळोखासारखा काळा निघाला, शेड नाही, खोकं-बिल जागेवर, आयएमईआय साफ. बॅटरी मात्र पंधरा मिनिटांत सात टक्के उतरली. तेवढ्यावर घासाघीस केली, आणि बॅटरी तिथेच नवी बसवून घेतली. दहा हजारांत सगळं बसलं.

पोरगं रिमोट घेऊन टीव्हीपुढे बसलं. वहिनीने पहिला फोटो काढला तो एका राणी रंगाच्या साडीचा. राणी रंग राणीच आला. फोटो दाराशी काढला होता.